ओल्या रानात बसवलेली मेंढरं

मानपाड्याच्या गुणाजीला गर्व एकाच गोष्टीचा, आपल्या नाचणीच्या रानातल्या मातीचा. ढेकूळ फोडावं तर आत गांडुळं वळवळत, आणि वास असा की ते नाकाशी धरून बसावं. ही माती जिवंत ठेवली होती ती सहदेव धनगराने. कापणी झाली की तो घाट उतरून येई आणि पाळीपाळीने एकेकाच्या रानात कळप बसवी. लेंड्या-मूत रानाला, दाणे सहदेवाला. कल्याणला आगगाडी आली तरी हा रिवाज मोडला नव्हता.

एका वर्षी गुणाजीचीच पाळी चालू असताना अवकाळी पाऊस कोसळला. सहदेव कळप घेऊन टेकडीकडे निघाला.

"भुई वली हाय, गुणाजी. खुरांखाली दगड व्हईल तिचा."

पाळी हातची जाणार म्हणून गुणाजीचा जीव खालीवर झाला. हाव सुटली की माणसाला पायाखालचं दिसत नाही.

"आमचं मीठ खाल्लंस ना? मग बस गुमान!"

खाल्ल्या मिठाला जागणारा सहदेव बसला. मेंढरांनी चिखल तुडवला आणि पुढे उन्हाने तो आवळून टाकला. नांगर लावला तर दगडासारखी ढेकळंच निघाली. जुनी धसकटं कुजेनात, लेंड्या होत्या तशा पडून राहिल्या. गांडूळ औषधालाही सापडेना. नाचणी पिवळी पडली.

गावाने विचारलं तेव्हा गुणाजी म्हणाला, "धनगराच्या मेंढरांचा पायगुणच वाईट."

पुढच्या कापणीनंतर गावाने सहदेवाला वेशीवरूनच परत पाठवलं. गुणाजी गर्दीत मागे उभा होता. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं.

त्याने रान पडीक ठेवलं, पालापाचोळा पसरला. कित्येक पावसाळ्यांनी मातीला पुन्हा वास आला. त्यानंतर एकदा मोहने गावाला गेला असता नदीकाठी सहदेव भेटला, पार थकलेला.

"गांडुळं आली का रं माघारी?" त्याने आधी तेच विचारलं.

"आली."

सहदेवाने डोक्याचं मुंडासं काढलं. "माझीच चूक, गुणाजी. भुई वली दिसत व्हती, तुझं ऐकाया नको व्हतं मी. माफ कर."

खरं बोलायला याहून सोपी वेळ आली नसती.

"जाऊ दे," तो म्हणाला, "मी काय ते मनात नाय धरलं."

सहदेवाने हात जोडले. गुणाजीने ते जोडू दिले.