पाटाचं काय ते

ठकूबाईचं डोकं फिरवायला तिची धाकटी बहीण चंद्रभागा एकटी पुरेशी होती. उमरठला एकाच मांडवात दोघींना दोघा भावांच्या गळ्यात बांधलं, तापाच्या एकाच साथीत दोघींचे नवरे गेले, आणि थोरला दीर महिपत याने दोघींना एकदमच घराबाहेर काढलं. एवढं सगळं सारखं भोगूनही बहिणींचे स्वभाव काही सारखे झाले नाहीत.

बिरवाडीला मामाचा ओसाड मळा होता. ठकूबाईने पदर खोचून तो खणला, वांगी-मिरच्या लावल्या आणि डोक्यावर टोपली घेऊन महाडचा बाजार धरला. चंद्रभागा मात्र मिरच्या खुडता खुडता रस्त्याकडे बघायची. गणपतीला मुंबईहून सहदेव नावाचा गिरणीकामगार आला, भांग पाडून, पायात पंपशू घालून. बांधावर उभं राहून तिच्याशी गोड गोड बोलून गेला. दिवाळीत कळलं, त्याचं वरंधच्या पोरीशी ठरलं. तेव्हापासून बाईसाहेबांनी अंथरूण धरलं. ठकूबाईला तिची कीव यायची आणि संतापही यायचा. मिरच्या काय रडून खुडल्या जातात?

त्यात शेजारच्या मळ्यातला कोंडाजी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, मोजकं बोलणारा माणूस. ओहोळाचं पाणी त्याच्या मळ्यातून पाटाने हिच्या वांग्यांना यायचं. अधूनमधून तो बांधावर यायचा, मुंडासं काढून हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "ठकूबाय, पाटाचं काय ते बघाया पायजे."

"सुगी होऊ दे," ती खुरपं न थांबवता म्हणायची. "मंग बघू."

तो मान हलवून हसत जायचा. गाळ काढायच्या कामात एवढं हसण्यासारखं काय आहे, तिला कळायचं नाही.

"आक्का, तो पाण्याच्या पाटाचं नाय बोलत," एकदा चंद्रभागा अंथरुणातून म्हणाली. "रांडव बाईचं दुसरं लगीन लावतात, त्या पाटाचं बोलतोय."

"तुला दगडातबी नवरा दिसतो गो. एकानं तोंडाला पानं पुसली, ती पुरी नाय झाली? गप पड."

सुगी झाली. घरोघरी भात आलं आणि कोंडाजी दारात आला, धुतलेलं धोतर नेसून.

"सुगी झाली, ठकूबाय. पाटाचं?"

चंद्रभागेने सकाळपासून भाकरीला हात लावला नव्हता, चूल धुमसत होती, बाजाराला उशीर झाला होता. ठकूबाईने तणतणत कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"चल. आत्ताच मार्गी लावू. एकदाची कटकट मिटंल."

कोंडाजी फावड्याकडे बघतच राहिला. "आत्ता? चारचौघं नकोत? मी लुगडंबी घेतलं नाय अजून."

आतून चंद्रभागा हसली. किती दिवसांनी हसली, आणि थांबेचना.

ठकूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीला दगडातही नवरा दिसतो म्हणून आपण उठताबसता हिणवत आलो, आणि आपल्याच बांधावर उभा राहिलेला माणूस आपल्याला दिसला नाही. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि त्या रागाच्या आड कुठेतरी फार बरंही वाटलं.

"सरळ बोलाया काय झालं हुतं तुला?"

"सरळच बोललो. तूच म्हनलीस, सुगी होऊ दे. म्हून थांबलो."

तिने फावडं त्याच्या हातात दिलं.

"चारचौघांना सांग," ती मान वर न करता म्हणाली. "पन आधी गाळ काढ. वांगी सुकली."