नवसूनं पेटवलेला गाडा

कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत जन्मलेला नवसू सरकारी देवी टोचणारा होता. अंगानं काडी, जिभेनं तिखट. त्याला बघून पोरं झाडावर चढत, आणि हा खाली उभा राहून त्यांच्या बापांचा उद्धार करी.

त्या वर्षी खालच्या गावात देवीची साथ आली. पुण्याहून एक साहेब आले. कोण कुणाकडे जातं, बाजार कुठं करतं, हे नवसूला विचारायचे आणि हँडलचं आकडेमोडीचं यंत्र फिरवून साथ पुढं कुठं जाईल याचं गणित मांडायचे. एका रोग्यापासून किती जणांना, त्यांच्यापासून पुढं किती. गणित म्हणालं, आता वाडी. शिमग्यापर्यंत निम्मी वाडी अंथरुणाला खिळणार. लस संपलेली, नवी आठवड्यानं यायची. आणि वाडीत नवसूची लेक चिंगी नुकतीच बाळंत झालेली.

दुसऱ्याच दिवशी खालच्या गावानं मरीआईचा गाडा काढला. रोगराई गाड्यात घालून शिवेपलीकडं ढकलायची, ही रीतच. नारळ, बांगड्या, वर आजाऱ्यांच्या वाकळा. पलीकडं वाडी, थंडीनं काकडलेली माणसं वाकळा उचलणारच.

नवसू शिवेवर आडवा झाला. गाड्याच्या पुढं गावचा म्हातारा रखमाजी होता. "रखमाजीआबा, गाडा फुडं नेऊ नका. वाकळांत रोग हाय."

रखमाजीचा नातू घरात तापानं फणफणत होता. "माजं पोर मरतंय, अन् तू आईला अडवतोस?"

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरीनं कानशील फुटलं. नवसूनं धुपाटणं हिसकलं, निखारे वाकळांवर ओतले, वर दिव्याचं तेल. गाडा भडकला तशी माणसं पिसाळली. दोघांनी त्याला खाली दाबलं, आणि रखमाजीनं त्याचा उजवा हात धोंड्यावर ठेवून दुसऱ्या धोंड्यानं ठेचला. ठेचताना म्हातारा ढसाढसा रडत होता.

आरडाओरडा ऐकून वाडीची माणसं कोयते घेऊन उतरली. आपल्या शिवेवर गाडा, आणि शेजारी नवसू! सख्ख्या पुतण्यानं, कोंडूनं, बरगडीत लाथ घातली. "रोग आणतोस व्हय आमच्यावर?"

रखमाजीचा नातू गेला. वाडीत एकही माणूस आजारी पडलं नाही.

दवाखान्यात साहेब खाटेशी आले. नवसूचा हात मनगटापासून काढला होता. साहेब हिरमुसले होते; जाळलेल्या वाकळांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "वाडीचं गणित साफ चुकलं रे. कुठं चुकलं, तेच कळत नाही."

नवसू फुटक्या ओठांनी हसला आणि हसताहसता रडू लागला. "चुकू द्या, साहेब. माजी चिंगी जित्ती हाय."