खुळखुळणारी चूल

बाजाराचा रस्ता जिथं डोंगराकडे तोंड करून वळतो, तिथं पत्र्याच्या कामाचं एक दुकान आहे. दाराला बादल्या, नरसाळी, धुराड्याचे नळ आणि पन्हळींचे लांबच लांब तुकडे टांगलेले असतात. दुपार कलली की ऊन थेट त्यांच्यावर येतं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. दुकानाच्या मालकांना सगळे पक्केकाका म्हणतात. हे त्यांचं नाव नव्हे, आडनावही नव्हे. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला त्यांनी एकच वाक्य मनापासून ऐकवलं, "पक्कं करून देतो." तेच त्यांना चिकटलं.

वस्तू तयार झाली की काका ती लगेच हातात देत नसत. आधी गिऱ्हाइकाच्या कानाशी नेत आणि गदागदा हलवत.

"काही वाजतंय?"

"नाही बुवा."

"मग न्या."

बादलीची कडी फिरायची, पण कुरकुरायची नाही. पेटीचं झाकण उघडायचं, पण खडखडायचं नाही. वाजणारी वस्तू म्हणजे अर्धवट वस्तू, आणि अर्धवट वस्तू देणारा माणूस खोटा, असा त्यांचा सरळ हिशेब. काकू दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मी बोलायला लागले की यांना वाटतं, कुठंतरी रिव्हेट मारायचं राहिलं."

एकुलती एक लेक या दुकानातच वाढली. पत्र्याच्या कातरणांची फुलं करून खेळली, मग कात्री धरायला शिकली, मग लाकडी मोगरीनं कडा दुमडायला. काकांनी तिला शिकवताना कधी कौतुक केलं नाही, पण तिच्या हातचं काम पुन्हा तपासायचं त्यांनी हळूहळू सोडून दिलं. जाणत्याला तेवढ्यावरून कळायचं.

एकदा दोघं एका छपरावर पन्हळ बसवत होती. ऊन मी म्हणत होतं. लेकीनं दोन्ही टोकं आवळून टाकली. काकांनी एक टोक सैल केलं आणि म्हणाले, "पत्रा तापला की अंग ताणतो, पोरी. आपण झोपेतून उठून ताणतो ना, तसा. त्याला हातपाय पसरायला जागा ठेवायची. नाही ठेवली तर तो कुबड काढतो, आणि एकदा कुबड आलं की जात नाही." मग म्हणाले, "ही एकच जागा, जिथं सैल काम म्हणजे चांगलं काम."

लेकीला डोंगराचं वेड होतं. सुट्टी आली की पाठीला सॅक लावायची आणि निघायची. दुकानाच्या दारातून समोर एक खिंड दिसते. दोन डोंगरांनी खांदे मागं घेऊन वाट करून द्यावी, तशी. सूर्य तिथंच बुडतो. काकांनी जन्मभर दुकानात बसून सूर्य त्या खिंडीत जाताना पाहिला, पण स्वतः कधी तिकडे गेले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "ती कुठं पळून चालली आहे?"

एक दिवस लेकीनं स्टीलच्या पातळ पत्र्याची एक चूल केली. डोंगरावर न्यायला. तिन्ही बाजू बिजागऱ्यांनी जोडलेल्या, चौथ्या बाजूला काटक्या सारायला खिडकी. खाली भोकांचा तळ, तो खाचांत सरकवायचा. वर भांडं टेकवायला दोन आडव्या पट्ट्या. काम झालं, चूल गार झाली की सगळी मिटून बोटाएवढी जाड घडी व्हायची. काजळी सॅकला लागू नये म्हणून तिनं जुन्या चादरीची पिशवीही शिवली होती.

मागच्या अंगणात तिनं ती पेटवून दाखवली. काडीएवढ्या काटक्या, मूठभर वाळका पाला, बस. खालून हवा ओढत जाळ असा सरळ वर आला, की काकू म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीला लाज वाटू दे जरा."

काका उकिडवे बसून बघत होते. पाण्याला उकळी आली, भांडं थरथरलं आणि त्याबरोबर चूल खुळखुळू लागली. काकांच्या कपाळावर आठी आली.

"वाजते."

"वाजू दे की. बाबा, ते मुद्दामच तसं..."

तेवढ्यात पुढून कोणीतरी हाक मारली. बादली गळत होती, गिऱ्हाईक ओरडत होतं. काका उठून गेले. ते बोलणं तिथंच राहिलं.

रात्रीच्या जेवणाला लेक म्हणाली, "बाबा, या सुट्टीत तुम्ही चला. आपण दोघंच. खिंडीत बसून या चुलीवर चहा करू."

काकांनी घास हातात तसाच ठेवला. "दुकान?"

"मी बसते की दुकानात," काकू म्हणाल्या. "बादली विकायला काय अक्कल लागते? लागत असती तर तुम्ही एवढ्या विकल्या असत्या का?"

काका हसले. काका हसले म्हणजे होकार, हे घरात ठरलेलं होतं.

बूट आले. नवे बूट चावतात म्हणून ते मऊ करायला काका बूट घालून ऐरणीभोवती फेऱ्या मारू लागले. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता विचारायचा, "काय काका, कुठवर पोचलात?" काका म्हणायचे, "अजून पायथ्याशीच आहे." इतक्या खुशीत त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. खिंड काय, बूट काय, लेक काय, सगळ्या बाजारानं ऐकलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी लेक पाव आणि अंडी आणायला गेली. काकांनी सहज चूल हातात घेतली. उघडली. कानाशी नेऊन हलवली. खुळखुळ. त्यांना डोळ्यांसमोर दिसलं, उतारावर लेक बसली आहे, चूल लचकते आहे आणि उकळतं पाणी तिच्या पायांवर येतं आहे. बापाचं मन. त्यांनी मापं घेतली, कोपरे काटकोनात धरले आणि बिजागऱ्यांच्या जागी रिव्हेट मारायला सुरुवात केली. तळही जखडला. वरच्या पट्ट्याही. असं नेटकं काम त्यांच्या हातून त्या वर्षात झालं नव्हतं. शेवटी पुन्हा कानाशी नेऊन हलवली. चूल गप्प होती.

लेक आली. सॅक भरून झाली, तिनं चादरीची पिशवी हातात घेतली आणि चूल मिटायला गेली. एकदा दाबून पाहिली. उलटी करून पाहिली.

"बाबा, ही मिटत नाही."

"आता मिटायची कशाला? हत्ती ठेव वर, हलणार नाही."

"हत्ती जाणार आहे का डोंगरावर?" काकू म्हणाल्या. "अहो, ती पोरीच्या पाठीवरच्या पिशवीत जायची होती."

तेव्हा कुठं काकांच्या ध्यानात आलं. ज्या माणसानं आयुष्यभर मापं घेतली, त्यानं सॅकचं माप घेतलं नव्हतं. पण चुकलं म्हणायची जिभेला सवय नव्हती.

"त्यात काय? मी नेतो हातात धरून. वजन काय तिचं!"

लेकीला हसू आलं. साधं, मोकळं हसू, त्यात काही नव्हतं. "खिंडीपर्यंत हातात चूल घेऊन? लोकांना वाटेल, आपण घर बदलतोय."

न्हाव्यानं म्हटलं असतं तर काकांनी टोला परतवला असता. पण लेकीचं हसू त्यांना लागलं. त्यांनी मोगरी जागेवर ठेवली. "मग जा तू. मला दुकान आहे."

"असं काय बाबा? चूल राहू दे. थंड खाऊ. तुम्ही चला, म्हणजे झालं."

"सांगितलं ना, दुकान आहे म्हणून."

सकाळी काका बूट घालून ऐरणीशी बसले होते. नाड्या बांधल्या नव्हत्या. लेक सॅक लावून दारात उभी राहिली. वडिलांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"येते मी."

"हं."

ती वळणावरून थांब्याकडे गेली. काकू आतून आल्या. "अहो, बस अजून लागायची आहे. नाड्या बांधायला कितीसा वेळ लागतो? हवं तर मी बांधते."

काकांनी एक सरळच असलेला पत्रा पुढ्यात ओढला आणि तो आणखी सरळ करायला ठोकू लागले. ठोकण्याच्या आवाजात बसचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच त्या ठोकण्याचं काम.

दुपारी काकू कलंडल्यावर ते चूल घेऊन मागच्या अंगणात गेले. आपलं काम बरोबर होतं, हे स्वतःलाच सिद्ध करून दाखवायचं होतं. काटक्या घातल्या, पेटवल्या. जाळ धरला आणि थोड्याच वेळात ठण्ण असा आवाज झाला. एक बाजू बाहेर फुगली. मग दुसरी आत दबली. वरच्या पट्ट्या तिरक्या झाल्या आणि भांडं लवंडून पाणी जाळावर गेलं.

धूर विरेपर्यंत काका तिथंच बसून राहिले. पत्रा तापला की अंग ताणतो. त्याला हातपाय पसरायला जागा ठेवायची. पोरीनं जागा ठेवली होती. प्रत्येक बिजागरीत, प्रत्येक खाचेत, मोजून मापून ठेवली होती. ज्याला ते कच्चं काम समजले होते, तो त्यांचाच धडा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं, एकेक रिव्हेट मारून बंद केला होता.

हे तिला सांगायला हवं होतं. ती परत आली तेव्हा उन्हानं रापलेली होती, जेवायला बसली होती, सांगायला सगळा वेळ होता. पण काकांनी चूल भंगाराच्या ढिगाखाली सारली होती. लेकीनं चुलीचं विचारलं नाही. त्यांनी खिंडीचं विचारलं नाही. एकमेकांचा मान राखायच्या नावाखाली दोघं गप्प राहिली. तिनं नंतर कधी "बाबा, चला" म्हटलं नाही. एकदा म्हणेल, म्हणून काका प्रत्येक सुट्टीच्या आधी बुटांना तेल लावून ठेवायचे.

पुढं लेकीला लांबच्या शहरात लोखंडी कपाटांच्या कारखान्यात काम मिळालं. तिथंच लग्न, तिथंच संसार. काकांचे गुडघे गेले. आता दुकानाच्या पायऱ्या चढताना ते भिंतीला हात लावतात, आणि न्हावी काही विचारत नाही.

या खेपेला लेक माहेरी येणार असं कळलं, तसे काकांनी भंगाराचा ढीग उपसला. काकूंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. काकांनी एकेक रिव्हेट ड्रिलनं काढला. भोकं मोठी झाली होती, त्यांत जाड तारेच्या खिळी घातल्या, सैल. मग मोगरी घेऊन फुगलेल्या बाजू बसवायला लागले. एका अंगानं दाबलं की कुबड दुसऱ्या अंगाला निघायचं. ताणलेला पत्रा पुन्हा आखडत नाही. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी ते संध्याकाळपर्यंत ठोकत होते.

लेक आली. चहाची वेळ झाली तसे काका म्हणाले, "आत नको. मागं ये."

अंगणात चूल मांडलेली होती. लेक बघतच राहिली. मग खाली बसली, काटक्या मोडून आत घालू लागली. जाळ वर आला. पाणी उकळलं आणि चूल खुळखुळायला लागली.

"वाजते," लेक म्हणाली.

"वाजू दे." काकांनी जाळाकडे बघत म्हटलं, "त्या दिवशी तू गेल्यावर मी पेटवली होती. फुटल्यासारखी वाजली. पन्हळीचं मीच सांगितलं होतं ना तुला."

"हो."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस मला."

"तुम्ही बूट घालून बसला होता, बाबा. मला वाटलं, याल. पहिली बस मी सोडली. थांब्यावर बसले होते."

काकांचा हात भांड्याकडे गेला आणि मधेच राहिला. "बस सोडलीस?"

"दुसरीनं गेले. वर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. तिथून आपलं दुकान दिसतं, माहीत आहे? बाकी गाव सगळं एकसारखं, धुरकट. पण दारातले पत्रे असे लखलखतात, की एक ठिणगी ठेवल्यासारखी. मी म्हटलं, चला, बाबा दुकानातच आहेत. मग पाव खाल्ला आणि उतरले."

काकांनी खिंडीकडे पाहिलं. ती तिथंच होती, कुठं पळून गेली नव्हती.

"आता जातेस का डोंगरावर?"

"कुठलं हो आता. पाठ धरते. सॅक माळ्यावर आहे."

चहा झाला. चूल गार झाली, तशी लेकीनं ती मिटली. मिटली, पण पूर्वीसारखी नाही. कुबडामुळे मध्ये फट राहिली, तळहातानं दाबलं की बसायची, सोडलं की पुन्हा उचलायची. चादरीची पिशवी काकूंनी कुठून तरी शोधून आणली. चूल त्यात जेमतेम गेली.

"दोरीनं आवळून देऊ का?" काकांनी विचारलं. हात दोरीकडे गेलाही होता. मग त्यांनी तो मागं घेतला. "नको. असू दे तशीच."

दोन दिवसांनी लेक निघाली. काका दारात, भिंतीला हात लावून उभे. ती वळणाकडे चालू लागली आणि पाऊल पडेल तशी तिच्या पिशवीतली चूल खुळखुळू लागली. त्या दुकानातून वाजत बाहेर पडलेली ती पहिलीच वस्तू. समोरच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून बाहेर पाहिलं. आत बसलेल्या गिऱ्हाइकानं काकांना हाक मारली, "अहो, माझी बादली झाली का?"

काकांनी हातानंच त्याला थांबायला सांगितलं. आवाज बारीक होत होता. वळणापाशी तो क्षणभर थांबला, तिनं मागं वळून पाहिलं असावं. उन्हानं काकांचे डोळे दिपले होते, त्यांना ती दिसली नाही. त्यांनी नुसता कान दिला.