हळकुंडाचा दोरा

निरगुडसरच्या शाळेच्या मैदानात स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीची गाडी आली होती. तिच्या पायरीशी एक अनोळखी बाई बसली होती. मांडीवरच्या रुमालात हळदीचे दोरे, प्रत्येकाला एक हळकुंड. मंगळसूत्र तुटलं की सोनाराकडून येईपर्यंत बायका गळ्यात बांधतात, तसे.

मशीनपुढे उभं राहताना गळ्यातलं काढावं लागतं. नर्सनं तसं सांगितलं की रांगेतल्या बायका हळूच मागे सरकत. मग ही उठे, पुढच्या बाईच्या गळ्यात दोरा बांधे, पदर सारखा करी आणि म्हणे, "आता गळा मोकळा नाय. जा बिनघोर."

मी शाळेत शिकवणारी. तरी माझाही हात मंगळसूत्रापाशी अडलाच. स्वतःचाच राग आला. तिनं काही न विचारता मलाही दोरा बांधला. तिची पिवळी बोटं क्षणभर माझ्या मानेवर टेकली.

"माझी जाऊ अशाच गाडीच्या दारातनं मागं फिरली," ती म्हणाली. "मालक जिता आसताना गळ्यातलं काढायचं नाय, म्हनली. मीच म्हनले, चल घरी. हे हळकुंडाचं तवा सुचलंच नाय मला. दोन वर्सांत गेली. अजून कांदं लावताना शेजारची जागा तिच्यासाठी सोडते मी."

तपासून बाहेर आले तेव्हा रांग संपली होती. रुमालात एकच दोरा उरला होता.

"हा कुणाचा राहिला?"

"तिचा," ती म्हणाली. "दर खेपंला पयला तिचाच करते."