राखेतले वाल

सकाळी पेणच्या घरी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात गावाकडून, खांबहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे उठत नायत हो..." गॅस बंद करायचंही मला भान राहिलं नाही, तो शेजारणीने केला. एसटीत बसल्यावर कळलं की मी दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून निघाले आहे. दादाने बघितलं असतं तर आठवडाभर चिडवलं असतं.

दादा माझा थोरला भाऊ. रोह्यात आयटीआय केलं आणि दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या अणुभट्टीत नोकरीला लागला. उभं आयुष्य नळ्यांचे जोड तपासण्यात गेलं. डोलवीच्या पोलाद कंपनीत जाणाऱ्या पोरांचं काम गावाला कळायचं, दादाचं कुणालाच कळत नसे. "बॉम बनवतोस व्हय?" असं विचारायचे आणि तो नुसता हसायचा. मला मात्र त्या भट्टीचा राग होता. आमचे बाबा गेले तेव्हा तिथे कसलंसं महत्त्वाचं काम निघालं होतं. दादा पोचला तिसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. मी दारातच विचारलं, "बाप मोठा की भट्टी?" जाताना बाबांच्या मडक्यातले मूठभर वाल तेवढे रुमालात बांधून घेऊन गेला. मी तो प्रश्न कधी मागे घेतला नाही... पुढे पंचवीस-तीस वर्षं आम्ही हसलो, भांडलो, भाऊबीज केली, पण ते वाक्य आमच्यामध्ये तसंच राहिलं.

निवृत्त होऊन तो खांबला आला, त्या माघात त्याने शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. आत पाण्याचा थेंब नाही. जाळाकडे बघत तो म्हणाला, "आमची भट्टी याच्या उलटी गो सुमन. जाळ मधी आणि शेंगा भवती." मग काटकीने मातीत गोल काढून त्याने मला समजावलं. मधल्या गाभ्यात प्लुटोनियम जळतं. त्यातून न्यूट्रॉन नावाचे बारीक कण सुटतात. भोवती साध्या युरेनियमच्या कांड्यांचं कडं असतं. ते युरेनियम तसं जळायच्या कामाचं नसतं, पण हे कण गिळून त्याचंच हळूहळू प्लुटोनियम होतं. मग कांड्या काढायच्या, विरघळवायच्या, प्लुटोनियम वेगळं करायचं. ते पुढचं इंधन. पाण्याने त्या कणांचा वेग मरतो, म्हणून उष्णता वाहून न्यायला वितळलेलं सोडियम. त्याला पाणी लागलं की पेट घेतं, म्हणून एकेक जोड डोळ्यांत तेल घालून तपासायचा. बाबा गेले त्या दिवशी तो तेच करत होता.

"म्हणजे जाळलं त्याहून जास्त निघतं?" मी विचारलं.

"व्हय. पण घाई करून नाय चालत. एका भट्टीतून दुसरीपुरतं जमायला वर्षांवर वर्षं जातात. पेटवली त्याला बघायला मिळंल असं नाय."

"मग कशाला एवढा खपलास?" मी म्हटलं. तो मडकं उलथायला उठला.

तो गेला कार्तिकात, भातं कापून झाल्यावर. तेराव्याला त्याच्या आवडीचं बिरडं करायचं म्हणून मी फळीवरचा वालाचा डबा काढला. वाल राखेत होते. तेव्हाच कळायला हवं होतं. राख लावून ठेवतात ते बियाणं, हे आमच्याकडे परकर नेसायच्या वयात कळतं. पण पेणला पाकिटातले वाल आणून आणून माझी अक्कल गंजली होती. राख धुतली, वाल भिजवले, मोड आणले आणि सकाळी सोलायला बसले. बरेचसे सोलून झाल्यावर वहिनी आतून आली आणि दारातच थांबली.

"वन्सं, डब्यातले घेतलेत? ते बाबांचं बियाणं हो..."

रुमालातले ते मूठभर वाल दादाने तिकडे क्वार्टरच्या मागे लावले होते. दर वर्षी निम्मे खायचे, निम्मे राखेत ठेवायचे. गावातलं बाबांचं बियाणं मी केव्हाच शिजवून संपवलं होतं. परगावी राहून ते राखलं त्याने, मूठभर नेलं आणि डबाभर परत आणलं. "यंदा सुमनच्या हातनं पेरायचं म्हणत होते," वहिनी म्हणाली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर फळीवर होतं आणि मी ते सोलत बसले होते.

न सोललेले वाटीभर उरले होते. मोड न मोडता ते पदरात घेऊन आम्ही दोघी शेतावर गेलो, ओल होती तिथे एकेक करून लावले, मग घरी येऊन जेवणाची पानं वाढली. बिरडं छान झालंय, असं सगळे म्हणाले. मी ते पानात घेतलं नाही.

आता त्या वालाला फूल आलं आहे. यंदा त्यातली एकही शेंग पोपटीत जाणार नाही. डबा मी पेणला आणला आहे, तळाशी अजून राख आहे, मी तो घासलेला नाही. वाटीभराचा डबाभर व्हायला किती वर्षं लागतील, ते दादाने चटकन सांगितलं असतं. मी सत्तरीला टेकले आहे, तो भरलेला बघायला असेन असं नाही. पण दादा, लावलेत मी.