प्रबळगडावरची घंटा

महाराज मला ओळखत नाहीत, असं मला बरीच वर्षं वाटत आलं होतं. दत्त महाराज आहेत याबद्दल मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती त्यांच्याकडे माझा पत्ता आहे की नाही याची. नवीन पनवेलमध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी उपासना असते. नामस्मरण झालं की, ज्याला त्या आठवड्यात महाराजांचा अनुभव आला असेल त्याने उभं राहून तो सांगायचा, आणि मग आरतीचं तबक त्याच्या हातात द्यायचं, अशी आमच्याकडची पद्धत आहे. सतरंज्या मी घालते, फुलं मी निवडते, प्रसादाचा शिरा बहुतेक वेळा माझ्याच घरून येतो. पण तबक काही माझ्या हातात आलं नव्हतं. अनुभवच नाही, तर तबक कुठून येणार? माझ्याकडे कायम घंटा. माझा ठेका चुकत नाही म्हणे.

माझी धाकटी जाऊ मुक्ता खारघरहून उपासनेला येते. तिला अनुभव येतात, आणि ढिगाने येतात. दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा मिळाली, तो अनुभव. हरवलेला झुमका पोळ्यांच्या डब्यात सापडला, तो अनुभव. गॅस संपला आणि त्याच मिनिटाला सिलिंडरवाला दारात उभा, तोही अनुभव. ती डोळ्यांत पाणी आणून सांगायची, बायका हात जोडायच्या, आणि मी घंटा मांडीवर ठेवून आतल्या आत जळत बसायची. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून महाराजांना किती हाका मारल्या असतील! ऑपरेशन नीट झालं, पण कुणी अनोळखी माणूस आला नाही, कुठलं फूल पडलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय? मुक्ताच्या साड्यांचा, तिच्या मोठ्या घराचा मला कधी हेवा वाटला नाही. देव तिच्याशी बोलतो, याचा मात्र वाटायचा. असला मत्सर फार वाईट, कारण तो देवघरातसुद्धा आपल्या शेजारी पाट मांडून बसतो.

दत्तजयंतीनंतरच्या शनिवारी प्रबळगडावर जायचं, हीसुद्धा मुक्ताचीच कल्पना. पाठीवर सॅक घेऊन प्रबळमाचीपर्यंत चढायचं, तिथे तंबूत मुक्काम करायचा आणि सकाळी माथ्यावर जाऊन गणपतीच्या देवळात आरती करायची. मुक्ता, तिचा नवरा आणि उपासनेतली तीन-चार मंडळी निघाली. मी पन्नाशीला टेकलेली बाई, थंडीत डोंगर चढायची मला काय हौस! पण ती जाणार आणि तिथूनही एखादा अनुभव घेऊन येणार, हे घरी बसून ऐकणं मला सहन झालं नसतं. सामान भरताना ती म्हणाली, "वहिनी, तबक मी घेते. घंटा तुम्ही घ्या." मी ती जड पितळी घंटा स्वेटरमध्ये गुंडाळून सॅकमध्ये कोंबली.

माचीवर पोचता पोचता मुक्ताच्या सॅकचा पट्टा तुटला. तिथल्या एका बाईने घरातून दाभण आणून तो शिवून दिला. झालं! "बघा, महाराजांनीच पाठवलं हो हिला," असं म्हणत मुक्ताने त्या बाईच्या पायांना हात लावला आणि ती बिचारी संकोचून आत पळाली. रात्रभर तंबूत थंडीने आणि त्या पट्ट्याने मला झोप लागली नाही. सकाळी घळीतून धापा टाकत आम्ही माथ्यावर गेलो. वर दाट जंगल आहे, त्या झाडीतच गणपतीचं जुनं देऊळ. आरती झाली. तबक मुक्ताच्या हातात, घंटा माझ्या. मग तिथे आलेल्या दुसऱ्या एका घोळक्याला ती पट्ट्याची गोष्ट सांगायला लागली. पट्टा तुटून चोवीस तासही झाले नव्हते, आणि दाभण आणणारी बाई एव्हाना पांढऱ्या केसांची, तेजस्वी वगैरे झाली होती. "टाक्यावरून पाणी घेऊन येते," असं म्हणून मी घंटा पुन्हा स्वेटरमध्ये गुंडाळून सॅकमध्ये टाकली, सॅक उचलली आणि तरातरा चालू लागले. माझा फोन मुक्ताकडेच राहिला, कारण फोटो माझ्या फोनवर चांगले येतात.

मनात भांडण चालू असलं की पाय कुठे पडतात याकडे लक्ष राहत नाही. टाकं काही दिसेना. मागे वळले तर आले ती वाट कोणती तेही कळेना. गुरांच्या पायवाटा कारवीतून सगळीकडे फुटलेल्या, आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. उत्तर नाही. दुपार टळली तसा वारा बोचायला लागला. थंडीतला दिवस किती घाईने कलतो हे जंगलात कळतं. आता एक गोष्ट सांगते, हसू नका. मी घाबरले होते, पण मनाच्या एका कोपऱ्यात मला आनंद झाला होता. निर्जन रान, मावळतीकडे झुकलेलं ऊन, वाट चुकलेली भक्त. अनुभवाला लागतं ते सगळं जमून आलं होतं. आता महाराजांना यावंच लागेल. मी एका दगडावर बसले, केस सारखे केले, पदर नसल्यामुळे ओढणीच डोक्यावरून घेतली आणि वाट पाहू लागले.

कुणीही आलं नाही. एक वानर आलं, माझ्याकडे बघून निघून गेलं. मग मात्र माझा तोल सुटला. त्या रानात मी महाराजांना इतकं बोलले की माझ्या सासूबाईंनी ऐकलं असतं तर मला उपासनेतून काढलं असतं. तिला गाडी लावायलासुद्धा जागा देता, आणि मी इथे रात्री गारठून मेले तरी तुम्हाला पत्ता नाही? माझं काय चुकलं ते तरी सांगा! मी ढसाढसा रडले. रडून झाल्यावर डोळे पुसले, तर समोर एक कुत्रा. तांबूस, कान पडलेला. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात हे कुणाला सांगायला नको. मी हात जोडले आणि तो चालू लागला तशी त्याच्यामागे निघाले. आता तो मला वाटेवर नेईल अशी माझी खात्री होती.

त्याने मला वाटेवर नेलं नाही. तो एका कोरड्या ओहळात उतरला, आणि तिथे एक बाई दगडाला टेकून बसली होती. तिशी-पस्तिशीची असेल. तिचा पाय घोट्यापासून भोपळ्याएवढा सुजला होता. पुढ्यात भाकरी आणि बोंबलाची चटणी होती. कुत्रा त्या चटणीच्या वासावर आला होता की आणखी कशाने, हे मी ठरवायला गेले नाही. मला बघताच तिने दोन्ही हात वर केले आणि ती रडायला लागली. "आलाव तुमी! मी सकाळपासून एकवीरा आईला हाका मारतेय. आईनं धाडलं तुमाला!"

ती करंजाच्या कोळीवाड्यातली, नाव वैशाली. भावांबरोबर आली होती. भाऊ पुढे बुरुजाकडे गेले, आणि ही मागे थांबलेली असताना आडवाटेला पाय घसरून ओहळात पडली. फोन भावाच्या पिशवीत होता. हे सगळं मी ऐकून घेतलं, पण माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हिलासुद्धा! हिच्या आईने हाक ऐकली, आणि तीही माझ्याच जिवावर! मी जरा तोडूनच म्हणाले, "हे बघ, मला कुणी धाडलेलं नाही. मी स्वतःच वाट चुकले आहे."

"चुकलाव म्हनूनच आलाव ना," ती म्हणाली. "वाट गावली असती तं इकडं कशाला आला असता तुमी?"

तिचे ओठ थंडीने निळसर झाले होते, दात वाजत होते. तिला घालायला म्हणून मी सॅकमधला स्वेटर ओढला, आणि त्यातून घंटा दगडावर पडली. तिचा आवाज सगळ्या ओहळातून घुमत गेला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दिवसभर घंटा माझ्या पाठीवर होती आणि मला आठवली नव्हती. तिच्यावर माझा रागच एवढा होता! स्वेटर वैशालीच्या अंगात चढवला, तिला जवळ घेऊन बसले आणि घंटा वाजवायला लागले. आधी घाबरून नुसती खणखण, मग आपोआप हात आरतीच्या ठेक्यावर आला. खांदा भरून आला की हात बदलायची. वैशाली मध्येच कण्हायची, मध्येच "वाजवा ताई, वाजवा" म्हणायची. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. महाराज माझ्याकडे आलेत की नाही, हा विचार तेवढा वेळ माझ्या मनात एकदाही आला नाही. या पोरीला फार थंडी वाजतेय, एवढंच मनात होतं.

अंधार पडायच्या आत "वहिनी!" अशी हाक आली. कारवी तुडवत मुक्ता पुढे आली, हातापायांवर ओरखडे, चेहरा रडून सुजलेला. मागे माचीतली माणसं आणि वैशालीचे भाऊ. मुक्ता माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "मी महाराजांना म्हटलं, नुसता आवाज तरी ऐकवा. आणि वहिनी, घंटा ऐकू आली हो! तुमचाच ठेका!" म्हणजे हाही तिचाच अनुभव. जुना मत्सर पुन्हा जागा झाला, नाही असं नाही. पण ती थरथरत होती, आणि माझ्याचसाठी थरथरत होती, हेही मला दिसत होतं. मी तिच्या केसांतला पाला काढत राहिले.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी वैशाली काठी टेकत भावाबरोबर आमच्या उपासनेला आली. नवस बोलली होती म्हणे. एकवीरा आईची ओटी भरून झाली होती, आता माझी भरायची होती. सगळ्यांसमोर तिने मला खुर्चीत बसवलं, नारळ, तांदूळ, खण ओटीत घातला आणि वाकून नमस्कार केला. मला कुठे बघावं ते कळेना. मग तिने तिच्या भाषेत सगळं सांगितलं. मुक्ता ओल्या डोळ्यांनी ऐकत होती, आणि पहिल्यांदाच तिने मध्ये काही घातलं नाही. रिवाजाप्रमाणे तबक वैशालीकडे गेलं, तशी ती मागे सरली. "मना नाय. ज्यांना आईनं धाडलं त्यांनाच द्या." आणि तबक माझ्या हातात आलं.

किती वर्षं मी या क्षणासाठी झुरले होते! निरांजनाची ऊब चेहऱ्यावर आली, आणि मला खूप आनंद झाला, तो मी लपवणार नाही. आरती सुरू झाली. घंटा मुक्ताने घेतली होती. पहिल्याच कडव्यात तिचा ठेका गेला, दुसऱ्यात म्हणणारे एकीकडे आणि घंटा दुसरीकडे. मी महाराजांच्या तसबिरीकडे बघितलं. मी त्यांची वाट बघत दगडावर बसले होते, तेव्हा ते ओहळात वाट बघत होते, असं मला वाटलं. खरं-खोटं त्यांना माहीत. तिसरं कडवं सुरू व्हायच्या आधी मी तबक वैशालीच्या हातात दिलं, काठी तिच्या काखेत नीट बसवली आणि मुक्तापुढे हात केला.

"आण इकडे," मी म्हटलं. तिने हसून घंटा माझ्या हातात दिली.