शंभर टक्क्यांतून वजा

माझं अक्षर वळणदार होतं, आणि तेच मला नडलं. नववीचा निकाल लागला त्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी मला बोलावलं, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "लिही." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. विषय, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, घरगुती अडचणीमुळे मी माझ्या मुलीस आपल्या शाळेत पुढे शिकवू शकत नाही, तरी तिचा दाखला देण्यात यावा ही नम्र विनंती. खाली माझ्या बाबांचं नाव. घरात तशी कसलीच अडचण नव्हती. अडचण माझ्या गणिताची होती आणि ती शाळेला होती.

"तुया भल्यासाठीच सांगून राह्यलो," सर म्हणाले. "सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावीले बस. घरी आरामात अभ्यास होते."

दुसऱ्या दिवशी बाबा कामाचा खाडा करून शाळेत आले. त्यांना सही येत होती, वाचायला मात्र वेळ लागायचा. सरांसमोर वेळ लावणं त्यांना बरं वाटलं नाही, म्हणून त्यांनी न वाचताच सही केली. रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं गेलं, पालकांच्या विनंतीवरून. माझ्या बाबांनी आयुष्यात शाळेकडे केलेली ती एकमेव विनंती, आणि तीही त्यांची नव्हती.

हा हिशेब मला पुढे कळला. दहावीचा निकाल काढताना बोर्ड फक्त शाळेने भरलेले फॉर्म धरतं. त्यातले किती पास झाले, एवढंच. जे पोर त्याआधी दाखला घेऊन गेलं, ते पासांतही नाही आणि नापासांतही नाही. नववीत बाकं भरलेली असायची आणि दहावीत मागची बाकं रिकामी, पण ती मोजायला कोणी येत नव्हतं. जूनमध्ये एसटी थांब्यावर फलक लागायचा, यंदाही शंभर टक्के निकाल. शेलूबाजारला जायच्या जीपची वाट बघत मी त्याच फलकाखाली उभी राहायचे. बाहेरून बसून मी दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. त्या फलकावर थुंकावंसं वाटायचं. एकदा थुंकलेही.

पुढे बारावी केली, टायपिंग केलं, आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या ऑफिसात, कंत्राटी डाटा ऑपरेटर म्हणून लागले. तालुक्यातल्या प्रत्येक पोराची नोंद संगणकावर असते. शाळेने दाखला दिला आणि दुसऱ्या शाळेने त्याला आपल्या नोंदीत ओढून घेतलं नाही, तर ते नाव अधांतरी राहतं. त्याला ऑफिसात सगळे ड्रॉप बॉक्स म्हणतात. त्यातल्या नावांच्या घरी फोन लावून पोर कुठे गेलं हे विचारायचं, ते माझं काम. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला कधीच वाटलं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी माझे ते वर्गशिक्षक माझ्या टेबलाशी आले. आता ते मुख्याध्यापक होते. पोट सुटलं होतं, केसांना कलप होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच ओळखलं.

"मॅडम, हे चार नावं तेवढे स्थलांतरित दाखवून टाका ना," ते म्हणाले. "मायबाप पुण्याले गेले कामाले. पोरंही गेले."

"अर्ज आहेत का?"

"हायेत ना." त्यांनी फाइल उघडली. चार अर्ज, चार वेगवेगळी पोरवयाची अक्षरं, आणि मजकूर शब्दाला शब्द माझाच. घरगुती अडचणीमुळे. एवढ्या वर्षांत या माणसाला एक नवं वाक्य सुचलं नव्हतं. चौकशी करून कळवते, असं म्हणून मी फाइल ठेवून घेतली.

जाताना त्यांनी विचारलं, "तुमी कोन्या शाळेच्या?" मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला. "आमच्याच? बघा, आमच्या शाळेचे पोरं कुठं कुठं पोचले."

तेव्हाच मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

चारही घरी फोन लावले. कोणीही पुण्याला गेलं नव्हतं. तीन बापांनी खरोखरच सह्या केल्या होत्या, आणि पुन्हा शाळेशी वाकडं कशाला घ्यायचं म्हणून ते काही बोलायला तयार नव्हते. चौथी आसेगावकडची एक मुलगी होती. फोन तिच्या आईने उचलला. ती शेतात सोयाबीनच्या सोंगणीवर होती.

"तिच्या वडिलांनी दाखल्याचा अर्ज केलाय," मी म्हणाले.

"ते त दोन सालापासून नाईत, मॅडम," ती म्हणाली. "अर्ज कसा करतीन?"

मी अर्ज पुन्हा पाहिला. खाली वडिलांचं नाव, वर सही. सही आणि मजकूर एकाच हातचा. सरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं असणार, खाली बाबांची सही आण. पोरगी घाबरून काही बोलली नसेल. जे सांगितलं ते तिने केलं. शाळेच्या स्वतःच्या रजिस्टरला पालक म्हणून आईचं नाव होतं, पण वर्षानुवर्षं एकच अर्ज सांगणाऱ्याला ते बघायची गरज पडली नव्हती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोरीची दया नंतर आली, आधी आनंद झाला.

मी सरांना बोलावून घेतलं आणि अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. "ही सही कोणाची?"

"तिच्या बापाची."

"ते दोन वर्षांपूर्वी वारले. तुमच्याच रजिस्टरला आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरीनंच केली असन मंग."

"कोणाच्या सांगण्यावरून, ते वरच्या साहेबांना तपासायला सांगू का?"

मग ते हळू आवाजात बोलायला लागले. त्या आवाजाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. "मॅडम, ते पोरगी गणितात पास होनंच शक्य नाई. एका पोरीपाई शाळेचा शंभर टक्के जाते."

"जाऊ द्या."

"तुमाले तिचं भलं कराचं हाये का माझं वाटोळं?"

दाखला रद्द करून नाव हजेरीपटावर घ्या, दहावीचा फॉर्म शाळेतून भरा, आणि भरल्याची प्रत मला आणून द्या, एवढंच सांगितलं. बाकीच्या तिघांचं मी काही करू शकले नाही. पण शंभर मोडायला एक पुरतो. आठ दिवसांत प्रत आली. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि अधूनमधून काढून बघायचे.

दिवाळीनंतर त्या मुलीचा फोन आला. आईच्या फोनवरून, दबक्या आवाजात. "मॅडम, मी तेच आसेगावची. तुमी नाव ठेवलं ना माझं. गणिताचं कोनी शिकवनारं भेटन का? सर वर्गात मले विचारतच नाई."

माझ्या शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या बाई शिक्षकांना गणिताचंच मार्गदर्शन करणाऱ्या साधनव्यक्ती होत्या. रविवारी घरी पोरांना फुकट शिकवायच्या. मी एक शब्द टाकला असता तर त्यांनी तिला घेतलं असतं. मी म्हणाले, "बघते." आणि बघितलं नाही. विसरले, असं मी स्वतःला सांगत राहिले. विसरले नव्हते. ती पास झाली असती तर तो फलक पुन्हा लागला असता.

निकालाच्या दिवशी मी दुपारी बोर्डाच्या साइटवर शाळेचा क्रमांक टाकला. एक नापास. शंभरातून वजा झाल्यावर जो आकडा उरला तो मी दोनदा मोठ्याने वाचला. ऑफिसात कोणालाच कळेना की मला काय झालंय. मी बाजारात गेले आणि पाव किलो पेढे आणले. संध्याकाळी मुद्दाम थांब्यावरून गेले. फलकाची चौकट रिकामी होती आणि तारा लोंबत होत्या. त्या रात्री बऱ्याच वर्षांनी मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी ऑफिसात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, तेल लावून चापून बांधलेल्या वेण्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत निकालाची प्रिंट. फेरपरीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, हे विचारायला आली होती. शाळेत तिला कोणी सांगेना. सर म्हणाले होते, ज्या मॅडमनं तुले बसवलं, तिलेच विचार.

पेढ्यांचा डबा टेबलावरच होता, दोन-तीन उरले होते. माझ्याकडे पाहत शेजारच्या बाईंनी तिच्यापुढे डबा धरला. तिने एक पेढा उचलला, कपाळाला लावला आणि विचारलं, "कोन पास झालं, मॅडम?"

मला काही तरी खोटं सांगता आलं असतं. पुतण्या, भाची, कोणीही. मी म्हणाले, "कोणी नाही. तुझ्या शाळेचा शंभर टक्के गेला."

तिने पेढा जसाच्या तसा डब्यात परत ठेवला आणि बोटं ओढणीला पुसली.

"फॉर्मची शेवटची तारीख सांगा," ती म्हणाली.

मी तारीख चिठ्ठीवर लिहिली. तिने ती नीट वाचली, शेवटपर्यंत, आणि मगच हातात घेतली.